झाकली मूठ आणि साडेसहाची बस

ताई,
वय ४७. मेकॅनिकलचा डिप्लोमा. पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत १९ वर्षं क्वालिटीत होतो. गेल्या दिवाळीनंतर कंपनीने आमची लाइन दुसऱ्या राज्यात हलवली आणि आम्हा अकरा जणांकडून राजीनामे लिहून घेतले. त्याला नऊ महिने झाले. पगार ५८ हजार होता. बायको शाळेत शिकवते, तिला २८ हजार मिळतात. आता ती संध्याकाळी ट्यूशनही घेते. घराचा हप्ता २३ हजार, अजून सहा वर्षं आहेत. मुलगी दहावीला, मुलगा सहावीला, आई ७६ वर्षांची. बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. मुलांना म्हटलंय, कुणी विचारलं तर बाबांचं वर्क फ्रॉम होम आहे असं सांगायचं. कॉलनीच्या गणपतीचा हिशेब बारा वर्षं माझ्याकडे आहे, यंदा मीटिंगला गेलो नाही. सकाळी साडेसहाला कंपनीची बस अजून आमच्या चौकातून जाते. त्या वेळी मी दूध आणायलाही खाली उतरत नाही. अकरापर्यंत नुसता पडून असतो, कशातच जीव लागत नाही. सांवेर रोडला एका छोट्या वर्कशॉपमध्ये ३२ हजारांची नोकरी मिळतेय, पण १९ वर्षांनंतर एवढ्यावर जायचं का? चुलतभाऊ म्हणतो, पीएफचे १४ लाख काढ, नमकीनची एजन्सी घेऊ. काय करू?
एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नुसते आकडे वाचले. एकतीस वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर काढली, डोळा आधी हप्त्यावरच जातो. आकडे ओढाताणीचे आहेत, बुडण्याचे नाहीत. त्यांच्याकडे नंतर येते. दुसऱ्यांदा वाचताना मात्र त्या साडेसहाच्या बसपाशीच अडकले.

त्या बसमध्ये कोण बसलेलं असतं? तुमच्याच कंपनीची माणसं. तुम्ही अकरा जण गेलात हे त्यांच्यातल्या एकूण एकाला माहीत आहे. ड्रायव्हरला माहीत आहे, तुमची जागा आता कोण पकडतो तेही त्याला माहीत आहे. ती माणसं संध्याकाळी राजेंद्रनगर, राऊ, सुदामानगरातल्या घरी जातात आणि जेवताना बायकांना सांगतात. त्या बायका तुमच्या बायकोला भाजीच्या ठेल्यावर भेटतात. राजेंद्रनगर आहे हो ते, पुण्या-मुंबईची सोसायटी नव्हे की शेजारचा कोण हे नेमप्लेट वाचून कळावं! नऊ महिने तुम्ही जी मूठ झाकून बसला आहात, ती बाकीच्यांच्या दृष्टीने पहिल्या आठवड्यातच उघडली. त्यांनी तुमच्या तोंडावर विषय काढला नाही एवढंच, आणि तो त्यांचा भलेपणा समजा.

म्हणजे आज या लपवाछपवीचा उपयोग कुणाला होतोय? मला तरी कुणी दिसत नाही. तिची किंमत मात्र घरातले सगळे भरतायत आणि सगळ्यात जास्त मुलगी भरतेय.

इथे मी जरा रागावणार आहे. क्वालिटी इन्स्पेक्शनचं वर्क फ्रॉम होम! गिअर घरी आणून डायनिंग टेबलवर मोजतात का बाबा, असं तिच्या मैत्रिणीने अजून विचारलं नाही हे नशीब. दहावीची पोर आहे. वर्गात अर्ध्या मुलींचे वडील पीथमपूरला असतील. तुमची नोकरी जाणं ती पेलेल, मुलं यापेक्षा मोठ्या गोष्टी पेलतात. पण बाबांची लाज वाटायला हवी हे तिला तुम्ही शिकवताय. तुम्ही सांगेपर्यंत तिला तसं वाटतही नसेल. हे आज रात्री बंद करा. समोर बसवून लांबलचक बोलायची गरज नाही. जेवताना म्हणा, "मी तुम्हाला खोटं बोलायला सांगितलं, ते चुकलं. कंपनीने लाइन हलवली, माझी नोकरी गेली, मी शोधतोय. कुणी विचारलं तर हेच सांगा." धाकटा विचारेल, मग क्रिकेटची बॅट येणार का. त्याला खरं उत्तर द्या.

या शहराला नोकरी जाणं नवीन नाही. आपल्याकडे चौकांना मिलची नावं आहेत आणि मिल नाहीत. मालवा मिलला उतरणाऱ्या आजच्या पोरांना तिथे खरंच मिल होती हे सांगावं लागतं. हुकुमचंद मिल बंद पडली, तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्याचे २२४ कोटी मार्गी लागायला २५ डिसेंबर २०२३ उजाडला. मधे तीस वर्षं गेली. कितीतरी जण तोवर उरले नव्हते. त्या माणसांनी कामात कसूर केली म्हणून मिल बंद पडल्या, असं इंदुरात कुणी म्हणत नाही. तुमच्याबद्दल का म्हणतील?

आमचे एक काका मिलमध्ये होते. कुठल्या, ते राहू दे. मिलला टाळं लागल्यावर वर्षभर ते रोज डबा घेऊन निघायचे, गेटसमोर बसायचे आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी यायचे. काकूला ठाऊक होतं. ती तरी डबा भरायची, पोळ्या मोजून चार. मग भाद्रपद आला. अनंत चतुर्दशीला निघणाऱ्या मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, मिल बंद पडल्यावरही निघत राहिल्या, वर्गणी गोळा करून, उसनं आणून, पण निघाल्या. पोरं बोलवायला आली, की कालियामर्दनाच्या देखाव्यात कृष्णाचा पाय अर्ध्यात अडकतोय, मोटर बघा. काका "मला काय करायचंय" म्हणत गेले आणि पाच रात्री घरी आले नाहीत. मोटर जळालेली होती. ती त्यांनी तिथेच रात्रभर बसून नव्या तारेने भरली, आणि सायकलचं जुनं फ्रीव्हील लावून पाय असा काही नाचवला की मिरवणुकीत लोक थांबून बघत होते. बघणाऱ्यांत एक पिठाच्या गिरणीवाला होता. त्याने विचारलं, मोटर कुणी भरली? पुढची बावीस वर्षं काका मोटरी भरत होते. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आलं की काकांना उभं राहावं लागे.

गेटसमोर बसलेल्या काकांना कुणी मोटर आणून दिली नसती, एवढ्यासाठी हे सांगितलं. आणि तुम्ही गणपतीची मीटिंग सोडलीत, ती नेमकी याच वर्षी! बारा वर्षं ज्यांनी तुमच्या हातात न मोजता पैसे दिले, ते सगळे त्या खोलीत असतात. त्यांच्यातले दोघं-तिघं तरी वर्कशॉपवाले असतील, नाहीतर वर्कशॉपवाल्यांचे सीए असतील. नोकरीच्या वेबसाइटवर तुमचा अर्ज पाचशेंच्या ढिगात पडतो. त्या खोलीत तुम्ही एकटेच क्वालिटीवाले आहात.

आता अकरा वाजेपर्यंत पडून राहण्याबद्दल. तुम्ही याला आळस म्हणत असाल, घरातलेही म्हणत असतील. ऑस्ट्रियात मारिएनताल नावाचं एक गाव आहे, एकाच कापड गिरणीवर जगणारं. १९२९-३० च्या सुमारास ती गिरणी बंद झाली आणि जवळपास अख्खं गाव बेकार झालं. व्हिएन्नाहून मारी याहोडा या संशोधक आणि त्यांचे सहकारी तिथे गेले, त्यांनी लोकांचं जगणं बारकाईने नोंदवलं आणि १९३३ साली ते छापलं. आपल्याला वाटेल, रिकामा वेळ आहे तर लोक वाचतील. झालं उलटंच. वाचनालयाने पैसे घेणं बंद केलं तरी पुस्तकं कमी जाऊ लागली. रस्त्यावरून पुरुष आधीपेक्षा सावकाश चालत, वाटेत उगाच थांबत. दिवसभर काय केलंत असं विचारलं तर त्यांना सांगता येईना. बायका मात्र भरभर चालत होत्या, कारण चूल, मुलं, धुणं यांतलं काहीच बंद पडलं नव्हतं.

तुमच्या पत्रात हेच आहे. बायको शाळा करून ट्यूशन घेतेय आणि तुम्हाला दिवस कुठे गेला ते कळत नाही. घड्याळ गेलंय तुमचं. एकोणीस वर्षं ते कंपनीने लावून दिलं होतं, आता ते स्वतः लावावं लागेल, आणि पहिले पंधरा दिवस ते फार जड जाईल. मी तुम्हाला योगासनं सांगणार नाही. सकाळी सहाला उठा आणि साडेसहाला, बरोबर साडेसहाला, दूध आणायला खाली जा. बस येईल. आतून कुणीतरी हात करेल, तुम्हीही करा. पहिल्या दिवशी पोटात कालवेल. चौथ्या दिवशी ती नुसती बस असेल.

दुपारचा स्वयंपाक तुमच्याकडे घ्या. खिचडी लावायला डिप्लोमा लागत नाही, आणि पोहे तर इंदूरच्या माणसाला येत नाहीत असं म्हणायची तुमची हिंमत नाही. बायको शाळेतून आली की तिला आयतं ताट मिळू दे. ती दमलीय, हे तुमच्या पत्रात एकदाही आलेलं नाही.

आणि एक गंभीर गोष्ट. "कशातच जीव लागत नाही" हे वाक्य मी सोडून देणार नाही. झोप, भूक, मन हे दोन आठवड्यांहून जास्त असंच असेल, तर त्यावर उपचार असतात. डॉक्टरांकडे जा. त्याआधी कुणाशी तरी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, फुकट, चोवीस तास. ताप आल्यावर आपण जसे जातो तसं जायचं.

आता पैसे.

चुलतभावाची एजन्सी: नको. इंदुरात नोकरी गेलेल्या प्रत्येक माणसाला पहिल्या महिन्यात खाण्याच्याच धंद्याची स्वप्नं पडतात, कारण हे शहर रात्री दोन वाजतासुद्धा सराफ्यात खाताना दिसतं. खाणारे दिसतात, पहाटे तीनला उठून कढई चढवणारा दिसत नाही. आणि एजन्सीत तर कढईही तुमची नसते. उधारीवर माल टाकायचा, परत आलेली पाकिटं सांभाळायची आणि दुकानदारांच्या मागे वसुलीला फिरायचं. तुम्ही आज ओळखीच्या माणसांना चुकवून दूध आणता, वसुली कशी कराल? भावाला एकच प्रश्न विचारा. धंदा एवढा चांगला आहे तर बँक तुला कर्ज का देत नाही? उत्तर ऐकताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा. तरीही मनातून जात नसेल, तर एका चालत्या एजन्सीवाल्याबरोबर पंधरा दिवस बिनपगारी फिरा आणि मग ठरवा.

पीएफचे १४ लाख पडून आहेत असं तुम्हाला वाटतं, पण ते पडून नाहीत. २०२४-२५ चा व्याजदर ८.२५ टक्के होता. त्या दराने वर्षाला एक लाख पंधरा हजारांच्या वर नुसतं व्याज होतं. दर असाच राहिला आणि तुम्ही एक पैसाही घातला नाहीत, तरी ५८ व्या वर्षी ते तेहतीस लाखांच्या पुढे जातात. नवीन नोकरीत तोच यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, द्या म्हणजे खातं पुढे चालू राहील. पेन्शनचा भाग वेगळा. दहा वर्षांच्या वर नोकरी झाली की ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क असतो, तुमची एकोणीस झाली आहेत.

ग्रॅच्युइटीबद्दल तुम्ही चकार शब्द लिहिला नाहीत, म्हणून विचारते. मिळाली का? राजीनामा लिहून दिला म्हणून ती जात नाही. शेवटचा बेसिक आणि डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. बेसिक ३० हजार होता असं धरलं तर १९ वर्षांचे तीन लाख अठ्ठावीस हजारांच्या वर होतात. आली असेल तर हिशेब ताडून बघा. आली नसेल तर लेखी मागा. फोनवर "बघतो साहेब" म्हणणाऱ्या एचआरच्या पोरावर सोडू नका.

हप्ता अजून थकलेला नाही असं दिसतं. मग थकायच्या आधी बँकेत जा. मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेली आहे म्हणून सांगते. हप्ता थकायच्या आधी आलेला माणूस आणि तीन हप्ते थकल्यावर आलेला माणूस, दोघांची अडचण एकच असते, पण आमच्या हातात उरलेलं एकच नसतं. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत जातं, आणि मग मॅनेजरला कितीही वाटलं तरी त्याचे हात बांधलेले असतात. मुदत वाढवून मागा. व्याज साडेआठ टक्के धरलं, तर सहा वर्षांचं उरलेलं कर्ज दहा वर्षांवर नेल्यावर २३ हजारांचा हप्ता १६ हजारांच्या आसपास येतो. एकूण व्याज अडीच-पावणेतीन लाखांनी वाढेल, ते डोळे उघडे ठेवून स्वीकारा. दिवस बरे आले की जास्तीचे भरून मुदत कमी करता येते. आणि या काळात क्रेडिट कार्डावर बाकी ठेवून घर चालवू नका. तिथे व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी लागतं, वर्षाचं करून बघा.

कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर गेला असणार. आईंचं वय ७६. सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. आधार कार्डावर होतं. आईंना घेऊन या आठवड्यात ते काम उरका. तुम्हा चौघांसाठी छोटी का होईना, पॉलिसी घ्या.

राहिली सांवेर रोडची नोकरी. मी असते तर घेतली असती. ५८ वरून ३२ वर उतरल्यासारखं तुम्हाला वाटतंय, पण गेले नऊ महिने तुम्ही शून्यावर आहात. दुसरं म्हणजे, त्या मालकाला तुमची गरज का पडली याचा विचार करा. तो कुठल्यातरी मोठ्या कंपनीला माल देत असणार, त्यांचं ऑडिट येणार असणार, आणि त्याच्याकडे कागद नसणार. गेजचं कॅलिब्रेशन, रिजेक्शनच्या नोंदी, पीपॅपच्या, म्हणजे नवा भाग मंजूर करून घेण्याच्या फायली, आयएटीएफ १६९४९ हे गाड्यांच्या भागांचं क्वालिटीचं मानक, असं काही म्हटलं की या छोट्या वर्कशॉपवाल्यांना घाम फुटतो. तुम्ही १९ वर्षं टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून हेच तर तपासत होतात. कोणत्या सप्लायरचा माल परत जायचा हे तुम्हाला पाठ असेल. ती यादी म्हणजे तुमचं भांडवल आहे, चौदा लाख नव्हेत.

म्हणून हो म्हणा, पण दोन गोष्टी लिहून घ्या. एक, पीएफ कापला जाईल. दोन, शनिवारी दुपारनंतर दुसऱ्या वर्कशॉपचं क्वालिटीचं काम करायला तुम्ही मोकळे असाल, त्याच्या थेट स्पर्धकांना सोडून. तो कुरकुरेल आणि मान्य करेल. राजेंद्रनगरहून सांवेर रोड म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक, पेट्रोलचेही बोला. वर्षभरात असे तीन-चार वर्कशॉप तुमच्याशी जोडले गेले की मग या नोकरीचं काय करायचं ते बघू. मधल्या नऊ महिन्यांचं बायोडाटात काय लिहायचं हेही तुमच्या मनात असेल. खरं तेच लिहा, "प्लांटची लाइन स्थलांतरित झाल्याने सेवा संपली". पीथमपुरात हे वाक्य वाचून कुणी भुवया उंचावत नाही.

मीटिंगमध्ये उभं राहून भाषण देऊ नका. चहाच्या वेळी कुणीतरी विचारेलच, "काय भाऊ, कुठे असता आजकाल?" तेव्हा म्हणा, "नोकरी गेली हो दिवाळीनंतर. सांवेर रोडचं एक बघतोय. कुणाला क्वालिटीचं काम करून हवं असेल तर सांगा." एवढं बोलून कचोरी उचला. पण मुलांशी त्याआधी बोला, त्यांना हे कॉलनीतून कळता कामा नये. आणि गेल्या वर्षीच्या वर्गणीची शिल्लक अजून तुमच्याकडेच असेल, ती पावतीपुस्तकासकट बरोबर न्या.

तुमची,
ताई